परतलेला सैनिक आणि आपली युद्धकविता

प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून कुणाला बोलवायचे, हा आमच्या शाळेपुढचा दरवर्षीचा प्रश्न. काही वर्षांपूर्वी आम्हीच एक नाव सुचवले. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा फौजेतून निवृत्त झालेले आहेत, १९७१च्या युद्धात ते पूर्वेच्या आघाडीवर होते. शाळा उर्दू माध्यमाची, गाव वर्धा जिल्ह्यातले. मुलांनी आधी देशभक्तीची नज्म म्हटली, मग शाल-श्रीफळ झाले आणि आम्ही माईक त्यांच्या हाती देऊन म्हणालो, "चाचा, बच्चों को जंग का कोई वाकया सुनाइए."

ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "पानी में बूट था. एकच था." पुन्हा थांबले, आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाले. तिसऱ्यांदा ते वाक्य आले तेव्हा मागच्या रांगेतली मुले हसू लागली. आम्हाला कार्यक्रम सावरायचा होता. आम्ही टाळ्या सुरू केल्या, एका मुलाला घोषणा द्यायला लावली आणि पाहुण्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात म्हणाली, "सर, दादा घर में भी इतनाच बोलते."

एका माणसाचे तोंड आम्ही टाळ्यांनी बंद केले होते. ते का केले, याचा विचार करताना लक्षात आले की हा दोष केवळ आमच्या सूत्रसंचालनाचा नव्हता. सैनिकाने काय बोलावे हे कवितेने आम्हाला आधीच शिकवून ठेवले होते, आणि ते वाक्य त्या शिकवणुकीत बसत नव्हते. म्हणून या लेखात एकच प्रश्न विचारायचा आहे: युद्धातून जिवंत परतलेल्या माणसाला आपल्या कवितेत जागा आहे का?

मराठी युद्धकवितेचा विचार पोवाड्यापासून करावा लागतो. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा ही आपली जुनी ठेव आहे. पोवाड्याचे काम स्पष्ट असते. डफावर थाप पडली की श्रोत्याच्या अंगात वीरश्री यावी, पराक्रम गावोगाव पोचावा. अशा रचनेत सैनिक दोनच ठिकाणी पोचू शकतो, विजयाला किंवा मरणाला. तानाजी पडतो, गड येतो, पोवाडा संपतो. सिंहगडावरून खाली उतरलेल्या मावळ्यांना त्यानंतर कशी झोप लागली, हे विचारणे शाहिराचे कामच नव्हते.

ही रीत आधुनिक कवितेनेही फारशी मोडली नाही. कुसुमाग्रजांची 'वेडात मराठे वीर दौडले सात' ही कविता घ्या. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथी १६७४ साली नेसरीच्या खिंडीत शत्रूवर तुटून पडले, त्या घटनेवरची ही कविता महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. तिच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण तिची एक सोय ध्यानात घेतली पाहिजे: सातांपैकी एकही परतत नाही. एक जरी जखमी होऊन मागे आला असता आणि म्हातारपणी ओसरीवर बसून तोच प्रसंग तुटक शब्दांत सांगू लागला असता, तर कवितेचा सूर सांभाळणे अवघड झाले असते. १९६२च्या चिनी आक्रमणानंतर मराठीत समरगीतांची लाट आली. शाहीर अमर शेखांनी हिमालयाच्या रक्षणासाठी हाक दिली. 'छोटा जवान' या १९६३च्या चित्रपटातले ग. दि. माडगूळकरांचे 'जिंकू किंवा मरू' घरोघर पोचले. त्या शीर्षकातच दोन वाटा आहेत. तिसरी वाट, म्हणजे ना धड जिंकलेला ना मेलेला, नुसता घरी आलेला माणूस, त्यात येत नाही.

मराठी माणसाला युद्धाची जखम ठाऊकच नव्हती, असा याचा अर्थ नाही. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर जे झाले ते आपल्या बोलण्यात उतरले आहे. एखाद्याचा पुरता बोजवारा उडाला की त्याचे 'पानिपत झाले' म्हणतात. 'विश्वास तर पानिपतातच गेला' हे वाक्य इतिहास न वाचलेला माणूसही सहज बोलून जातो. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य मान्य केले नाही आणि पुढे भाऊंचा तोतयाही निघाला. समाजाच्या मनातली जखम भरली नव्हती, याच्या या खुणा आहेत. ती बखरीत उतरली, वाक्प्रचारात उतरली. वीररसाच्या कवितेत मात्र तिला ऐसपैस घर मिळाले नाही.

आता थोडे दूर जाऊ. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांची पत्रे सरकार उघडून वाचत असे. ती उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत असत. शिपायांना हे ठाऊक होते, म्हणून ते हिंदी सैनिकाला काळी मिरी आणि गोऱ्या सैनिकाला लाल मिरची म्हणत खुणेने लिहीत. या टपालाचा मुख्य सेन्सॉर होता ई. बी. हॉवेल. शिपाई पत्रांत वरचेवर कविता करू लागले आहेत, हे त्याने १९१५च्या जानेवारीत आपल्या अहवालात नोंदवले आणि हे मानसिक अस्वस्थतेचे चिंताजनक लक्षण वाटते, असा शेराही मारला.

हा शेरा वाचून प्रथम राग येतो. ज्याच्या देशात कवी सैनिकांचा गौरव होतो, त्याने आमच्या शिपायाच्या कवितेला आजाराचे लक्षण ठरवावे? पण थोडे थांबून पाहिले तर हॉवेलला अर्धे सत्य दिसले होते. शिपायाला साध्या गद्यात जे सांगता येत नव्हते, ते सांगायला तो आपल्या गावच्या, आपल्या मजलिशीच्या छंदाकडे वळत होता. हॉवेलची चूक एवढीच की त्याला आजार दिसला, भाषा दिसली नाही. त्या पत्रांपैकी बहुतेकांचे इंग्रजी उतारेच आज उरले आहेत, मूळ शब्द गेले. आपल्या शिपायाची कविता आपल्याला अशी सेन्सॉरच्या हातून, परक्या भाषेत मिळते.

त्याच युद्धात गोऱ्या सैनिकांपैकी काहींना तोफांच्या धक्क्याने मनाचा आजार जडला. त्याला तेव्हा शेल शॉक म्हणत. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात १९१७ साली असे अधिकारी उपचार घेत होते, त्यांत सिगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे दोन कवी होते. ओवेनची विषारी वायूच्या हल्ल्यावरची 'डल्से एट डेकोरम एस्ट' ही कविता तिथलीच. इंग्रजीच्या वर्गात ती युद्धविरोधी कविता म्हणून शिकवतात, आणि शेवटच्या उपरोधावर सगळा भर देतात. आम्हाला मात्र तिच्या मधल्या दोन ओळींचे महत्त्व अधिक वाटते. त्या ओळींपूर्वी कवी घडून गेलेली घटना भूतकाळात सांगत असतो. वायू येतो, एका साथीदाराला मुखवटा वेळेवर चढवता येत नाही, हिरव्या धुरात तो समुद्रात बुडावा तसा दिसतो. मग एकदम दोन ओळी सुट्या पडतात आणि काळ बदलतो. कवी स्वप्नाबद्दल बोलू लागतो, आणि स्वप्नात तो माणूस आजही त्याच्या अंगावर झेपावतो आहे. या जागी यमकासाठी ओवेन नवा शब्द शोधत नाही. बुडण्याचा आधी आलेला शब्दच तो पुन्हा ठेवतो.

कवितेच्या वर्गात आम्ही अशा जागी म्हटले असते की कवीला काफिया सुचला नाही. पण हीच त्या अनुभवाची खरी रचना आहे. सामान्य आठवण भूतकाळात राहते, आपण हवी तेव्हा तिला बोलावतो. आघाताची आठवण बोलावल्याशिवाय येते आणि वर्तमानकाळात येते. ती पुढे सरकत नाही, त्याच शब्दावर अडते. वैद्यकशास्त्राने या विकाराला आज रूढ असलेले नाव १९८० साली दिले. कवितेने तो त्याच्या साठेक वर्षे आधी काळ आणि यमक यांच्या मोडतोडीतून दाखवला होता. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ला, युद्ध संपायला एक आठवडा असताना, मारला गेला. त्याच युद्धातून आयव्हर गर्नी हा कवी मात्र जिवंत परतला. १९२२पासून १९३७मधल्या मृत्यूपर्यंत तो मनोरुग्णालयात होता आणि तिथेही युद्धाच्या कविता लिहीत राहिला. जगाने शांततेचा तह केला होता, गर्नीच्या वहीत खंदक तसेच होते.

आमच्या पाहुण्यांचे "पानी में बूट था" हे वाक्य आम्हाला आता वेगळे ऐकू येते. ते तीनदा आले कारण ते पुढे जाऊ शकत नव्हते. ऐकणाऱ्याने तिथेच थांबायला हवे होते.

उर्दू कवितेकडे वळले की चित्र थोडे बदलते. मखदूम मोहिउद्दीन यांची 'सिपाही' ही नज्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. पुढे ती 'उसने कहा था' या १९६०च्या चित्रपटात गीत म्हणून आली आणि घराघरांत पोचली. मखदूम निघालेल्या शिपायालाच थांबवून विचारतात, तू कुठे चाललास? हा प्रश्न पोवाडा कधी विचारत नाही. साहिर लुधियानवींची 'परछाइयाँ' ही दीर्घ नज्म युद्धाला रणांगणावर शोधतच नाही. भरती झालेली तरुण पोरे, ओस पडलेली गावे, महागाई आणि लाचारी यांत तिला युद्ध सापडते, आणि हे सगळे आठवणींच्या सावल्यांमधून येते. पण मखदूमचा शिपाई अजून जायचा आहे, आणि साहिरची नजर मागे राहिलेल्यांवर आहे. परतलेल्या सैनिकाचे मन त्या दोघांच्याही विषयाच्या कडेला राहते.

त्या मनाच्या सर्वांत जवळ गेले ते नून मीम राशिद. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः ब्रिटिश हिंदी सैन्यात कॅप्टन होते आणि इराणात राहिले होते. 'ईरान में अजनबी' या त्यांच्या संग्रहात एक वेगळी जखम आहे. स्वतः गुलाम असलेल्या देशाचा शिपाई दुसऱ्या देशात गोऱ्या साहेबाचा गणवेश घालून उभा आहे. भीती गोळीची कमी, स्वतःच्या चेहऱ्याची अधिक. सैनिकाचा आघात म्हणजे त्याने काय सोसले एवढेच आपण धरतो. त्याच्या हातून काय झाले, त्याला कशासाठी वापरले गेले, हेही त्यात येते. राशिद यांची कविता दुर्बोध म्हणून बाजूला ठेवली जाते. आम्हाला वाटते, ती अवघड आहे कारण तिला हा गुन्हा कुणावर ढकलून मोकळे व्हायचे नाही.

पण उर्दूतली सर्वांत मोठी युद्धकविता नज्म नव्हे, मरसिया आहे. मीर अनीस (१८०३–१८७४) आणि मिर्झा दबीर यांनी लखनौत तिला पूर्णत्व दिले. सहा-सहा ओळींच्या कडव्यांत चालणाऱ्या या दीर्घ रचनेचे भाग ठरलेले असतात. चेहरा म्हणजे प्रस्तावना, सरापा म्हणजे वीराचे वर्णन, मग रुखसत म्हणजे घरच्यांचा निरोप, रणात आमद, शत्रूसमोर स्वतःची ओळख सांगणारा रजज, जंग, शहादत आणि शेवटी बैन, म्हणजे विलाप. पोवाड्याच्या वाचकाने ही यादी सावकाश पाहावी. रजज, जंग, शहादत हे आपल्याही ओळखीचे आहे. पण मरसिया शहादतीवर संपत नाही. तो पुन्हा खेम्यात, उरलेल्यांकडे येतो. करबलेनंतर जे उरले त्यांत बीबी झैनब होत्या, मुले होती आणि आजारपणामुळे रणात जाऊ न शकलेले इमाम झैनुल आबिदीन होते. परंपरा सांगते की त्यानंतर कित्येक वर्षे पाणी समोर आले की इमामांचे डोळे भरून येत. तहानेने गेलेली माणसे त्यांना त्या पाण्यात दिसत.

इथे एक सावधगिरी हवी. मरसिया हा श्रद्धेचा ठेवा आहे. करबलेच्या वीरांना आपल्या सत्याची खात्री होती, आजच्या पगारी सैनिकाला ती असेलच असे नाही. त्यामुळे दोघांना एका तराजूत घालणे चूक ठरेल आणि बेअदबीही होईल. आम्ही फक्त रचनेकडे लक्ष वेधतो. शहादतीनंतरही कविता चालू राहू शकते, एका पेलाभर पाण्यात सारे रण पुन्हा उभे राहू शकते, आणि ऐकणाऱ्याचे काम टाळ्या वाजवणे नसून सोबत रडणे असते, हे ज्या परंपरेला ठाऊक आहे ती आपल्या घरात आहे. दक्षिण महाराष्ट्रात मोहरमात मराठी आणि दखनीत गायल्या जाणाऱ्या रिवायतींनी तिचा धागा गावच्या बोलीपर्यंत आणलाही आहे.

आणि मराठी शिपाई प्रत्यक्ष त्या भूमीवर जाऊन आला आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणी लढल्या. त्या पलटणींत तेव्हा दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. टायग्रिसच्या काठी कुत येथे डिसेंबर १९१५पासून पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली. अन्न संपत आले, घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि धर्मासाठी ते मांस नाकारणारे हिंदी सैनिक उपासमारीने खंगले. २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली आणि त्यांतले कितीतरी कैदेत मेले. करबला त्याच देशात आहे. लहानपणापासून मोहरमात ज्या फुरातचे नाव ऐकले, तिच्या मुलुखात एखादा दख्खनी मुसलमान शिपाई इंग्रजांच्या गणवेशात, तुर्की मुसलमानांच्या वेढ्यात उपाशी बसला असेल, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल? राशिद यांची शरम आणि अनीस यांचा बैन ज्या एका माणसात एकत्र आले असतील, तो हा माणूस. मराठी कवीसाठी हा विषय अजून ताजा आहे.

मग आमच्या, म्हणजे मुस्लिम मराठी कवींच्या, लेखनात हा माणूस का येत नाही? आमचे उत्तर कटू आहे आणि त्यात आम्ही स्वतःलाही धरतो. आम्हाला सैनिक दाखल्यासाठी लागतो. दंगल झाली, कुणी निष्ठेबद्दल प्रश्न केला, की आमच्या कवितेत इब्राहिमखान गारदी येतात आणि १९६५च्या युद्धात खेमकरणला रणगाडे उडवून परमवीरचक्र मिळवणारे अब्दुल हमीद येतात. त्यांच्याबद्दलचा अभिमान सच्चा आहे, आणि ज्या समाजाला वारंवार पुरावा मागितला जातो त्याने पुरावा पुढे करावा हेही समजण्याजोगे आहे. आम्हीही तसल्या दोन कविता लिहून मुशायऱ्यात दाद घेतली आहे. पण या व्यवहाराची किंमत पाहिली पाहिजे. दाखला म्हणून शहीदच चालतो, कारण तो बोलत नाही. जिवंत परतलेला, रात्री दचकून उठणारा, एका बुटापाशी अडलेला माणूस दाखला म्हणून उपयोगी नाही. उलट त्याच्या थरथरण्याचा कुणी भलता अर्थ लावील अशी भीती आम्हाला वाटते. म्हणून आम्हीच त्याला कवितेबाहेर बसवतो. बाहेरच्यांनी संशय घ्यावा आणि आतल्यांनी गप्प करावे, असा दुहेरी जाच त्याच्या वाट्याला येतो. ज्याला आपले दुःख देशभक्तीची जोड न देता सांगता येत नाही, त्याचे नागरिकत्व आपण अर्धेच मान्य केलेले असते.

वर्धा जिल्ह्यातल्या लेखकाला तर हा विषय टाळणे शोभत नाही. १७ ऑक्टोबर १९४०ला पवनारला विनोबांनी युद्धाविरुद्ध बोलून वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली. त्याच जिल्ह्यात पुलगावला देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. ३१ मे २०१६च्या पहाटे तिथे आग लागून स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह सोळा जण गेल्याचे लगेच जाहीर झाले आणि आकडा पुढे वाढला; त्यांत बहुतेक आग विझवायला धावलेली माणसे होती. आसपासच्या गावांतल्या लोकांना रात्रीच घरे सोडावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ला जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण गेले. युद्ध सीमेवर असते हे पुस्तकात ठीक आहे. आमच्याकडे ते गोदामात असते आणि मजुरीला जाणाऱ्याच्या डब्याशेजारी असते.

त्या आगीनंतर शाळा उघडल्यावर आम्ही मुलांना निबंध लिहायला दिला होता. एका मुलाने ती सगळी रात्र वर्तमानकाळात लिहिली: आवाज येतो आहे, अम्मी उठवते आहे, आम्ही पळतो आहोत. बी.एड.ला शिकवल्याप्रमाणे आम्ही लाल शाईने प्रत्येक वाक्याचा काळ दुरुस्त केला आणि दोन गुण कापले. ओवेनच्या त्या दोन ओळींचा अर्थ तेव्हा आम्हाला कळला नव्हता. आज ती वही समोर असती तर काळ तसाच ठेवला असता.

आपल्या कवींकडे मागणे मोठे नाही. पोवाडा राहू द्या, शहिदांचा गौरवही राहू द्या. पण पुढची युद्धकविता लिहिताना गड येतो आणि सिंह जातो त्यानंतरचे एक कडवे लिहावे. त्यात शब्द परत येत असेल तर येऊ द्यावा, यमक मोडत असेल तर मोडू द्यावे. ते वाक्य ज्यांनी आम्हाला दिले ते चाचा अजून मोहल्ल्यात आहेत, दुपारच्या नमाजनंतर दाराशी खुर्ची टाकून बसतात. आम्ही अलीकडे त्यांच्याजवळ जाऊन बसतो. ते तेच वाक्य म्हणतात. आम्ही टाळ्या वाजवत नाही.